स्टिक सोडून दे

इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची ड्रोनने पाहणी करणं हा माझा व्यवसाय. पावसाळ्याआधी सोसायट्यांची घाई असते: गळती कुठून, प्लास्टर कुठे फुगलंय, छज्ज्याखालची सळई कुठे उघडी पडलीय. झुला बांधून माणूस उतरवण्यापेक्षा ड्रोन बरा, हे मला आजही पटतं. मत बदललं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो, घाबरलास की रिमोटची स्टिक सोडून दे, ड्रोन जागच्या जागी उभा राहील. मोकळ्या मैदानात शेकडो वेळा तसं झालेलं पाहिलं होतं. भिंतीजवळही तसंच होणार, असं मी धरून चाललो.

ठाण्यातल्या एका सोसायटीत दोन विंगांमधल्या अरुंद जागेत, सातव्या मजल्याशी मी ड्रोन थांबवला. स्टिकवर बोटं नव्हती, वारा नव्हता. तरी तो हळूहळू डावीकडे सरकू लागला. त्या ड्रोनला बाजूचे सेन्सर नव्हते. पातं गॅलरीच्या ग्रिलला लागलं आणि ड्रोन खालच्या छज्ज्यावर आदळला. ग्रिलमागे एक आजी कपडे वाळत घालत होत्या. ओरडल्या नाहीत. "अरे बाळा, आत्ताच हात आत घेतला रे मी," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ड्रोन जागेवर थांबतो तो मुख्यतः उपग्रहांच्या भरवशावर. सुमारे 20,000 किलोमीटरवरून निघालेला संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून तो आपली जागा काढतो. दोन विंगांमध्ये आकाशाची नुसती पट्टी दिसते. उपग्रह कमी मिळतात, आणि मिळतात त्यांतल्या काहींचा संदेश समोरच्या भिंतीवर आपटून वळशाने येतो. या हिशेबात 1 नॅनोसेकंदाचा उशीर म्हणजे 30 सेंटीमीटरचा फरक. मग ड्रोनला वाटतं आपण सरकलो, आणि तो 'जागेवर' परतायला निघतो. आपली चूक सुधारायला म्हणूनच तो भिंतीकडे जातो! काँक्रीटमधल्या सळयांनी होकायंत्र बिघडतं, ते वेगळंच. अशा वेळी घरी परतण्याचं बटण दाबावं, तर बरेच ड्रोन आधी सरळ वर चढतात, आणि वर छज्जा असतो.

आता मी ड्रोन भिंतीपासून किमान 5 मीटर लांब ठेवून झूम वापरतो. एक माणूस भिंतीच्या रेषेत, बाजूला उभा करतो, कारण समोरून पाहणाऱ्याला ड्रोन आणि भिंत यांतलं अंतर कळतच नाही. बोटं स्टिकवरून हलत नाहीत.

शिकून गेलेल्या मुलांना एकेक करून फोन केले. एक जण म्हणाला, "सर, पण तुम्हीच सांगितलं होतं ना?" हो, मीच सांगितलं होतं, म्हटलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दोघांचे फोन अजून लागलेले नाहीत.