वाचलेले आणि न वाचलेले

युद्धकाळाचा इतिहास वाचण्याचा छंद मला सेमिनरीत असतानाच जडला. त्यातही मृत्यूच्या दाढेतून सुटून आलेल्यांच्या आठवणी मी अधिक ओढीने वाचीत आलो. मराठीत पुस्तकही वाचतात आणि माणूसही वाचतो. शब्दांची ही जवळीक मला फार दिवस गोड वाटे. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला ती प्रथमच बोचली.

त्या दिवशी संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण. प्रवचनासाठी मी त्यांच्या देशबांधवांची, पण आपल्या महाराष्ट्रात घडलेली कथा निवडली. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पुढच्या वर्षापासून लाखो पोलिश नागरिक सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार झाले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना सुटकेची वाट मिळाली. उपासमार व टायफस यांतून उरलेली सुमारे ५,००० माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. तेथे त्यांच्या शाळा भरल्या, चर्चमध्ये मिस्सा झाल्या. (पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले, आजचे गांधीनगर ते हेच.) “परमेश्वराने त्यांना हात धरून आणले,” असे म्हणून मी प्रवचन संपवले.

मिस्सेनंतर एक मावशी दाराशी थांबल्या होत्या. “फादर, जे वाटेतच राहिले, त्यांचा हात कोणी सोडला?”

त्यांना असे विचारण्याचा अधिकार होता. आमच्या धंतोलीत इस्पितळांची दाटी आहे. रात्री-अपरात्री पवित्र तेल घेऊन निघणे हा माझा नेमच. २०२१ च्या एप्रिलात तेही थांबले. मावशींचा मुलगा आणि आमच्याच धर्मग्रामातील दुसरा एक तरुण एकाच वॉर्डात होते. दोघांसाठी मी फोनवरून एकच प्रार्थना म्हटली. दुसरा घरी आला. चर्च उघडल्यावर त्याच्यासाठी मी उपकारस्तुतीची मिस्सा केली, आणि मावशी त्या मिस्सेला शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

त्या रात्री मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. वाचून आलेली माणसे स्वतः फारशी खात्रीने बोलत नाहीत. आपणच का उरलो, या प्रश्नापाशी ती अडखळतात. खात्री असते ती आम्हा प्रवचनकारांची. काही वर्षांपूर्वी मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरला गेलो होतो. तेथील दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. सायबेरिया पार केलेली ती माणसे सुरक्षित ठिकाणी पोहोचून वारली. मी त्यांच्यापाशी उभा राहिलो होतो, तरी प्रवचनातून त्यांना वगळले. आणि वळिवड्यात ती मुले जेवत होती त्याच १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, हेही.

कोल्बे यांचीच कथा घ्या. ऑशविट्झमध्ये उपासमारीने मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले. फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक नावाचा सैनिक बायकोमुलांच्या आठवणीने आक्रंदला. फादर कोल्बे त्याच्या जागी गेले आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी मरण पावले. १९८२ साली त्यांना संतपद मिळाले, तेव्हा गायोव्हनिचेक रोममध्ये हजर होते. इतके आपण सर्व जाणतो. पण ते सुटून घरी परतले तेव्हा त्यांची दोन्ही मुले युद्धात मारली गेली होती. ज्या मुलांसाठी तो बाप रडला, तीच उरली नव्हती. हे मी तीस वर्षे प्रवचनात सांगितले नाही, कारण कथा तेथे विस्कटते.

मत्तयाने मात्र असे केले नाही. बाळ येशू इजिप्तला निसटला, हीही वाचण्याचीच कथा. पण तिच्या लगोलग तो बेथलेहेमच्या मारलेल्या बालकांकडे वळतो आणि सांत्वन नाकारणाऱ्या राहेलला बोलावतो. तिची समजूत घालायला तो कोणालाही पाठवीत नाही.

पुढच्या आठवड्यात मी मावशींकडे गेलो. प्रवचनाबद्दल क्षमा मागितली आणि गायोव्हनिचेकच्या मुलांचे सांगितले. त्यांनी चहा ठेवला. बराच वेळ गॅसकडे पाहत होत्या.

“त्या पोरांची नावं काय होती, फादर?”

मला आठवेनात. पुस्तकात पाहून सांगतो, म्हणालो.

“बघा. माझ्या पोराच्या मिस्सेत त्यांचीही नावं घेऊ.”