चाकांवरच्या घराचे दार

पावसाळा लागला की वसईकडच्या जुन्या घरांची दारे फुगतात. सुतार येतो, जेथे घासते तेथे रंधा मारतो, आणि दिवाळीनंतर त्याच दाराला बोटभर फट पडते. दार लागेनासे झाले की दोष दाराचाच, असे आपण धरून चालतो. चौकटीकडे, चौकटीमागच्या भिंतीकडे, उंबऱ्याखालच्या जमिनीकडे सहसा कुणाची नजर जात नाही. जिथे रंधा मारायला लाकूडच नाही अशा एका दाराची दुरुस्ती मी अमेरिकेत पाहिली. तिचा क्रम याच्या अगदी उलट होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात, रजेवर गेलेल्या एका धर्मगुरूंच्या जागी, मी इंडियाना राज्याच्या उत्तर भागात दहा आठवडे होतो. हा प्रदेश मोटारहोमचे माहेरघर. मोटारहोम म्हणजे बसएवढी गाडी. आत शेगडी, पलंग, न्हाणी, सारा संसार. अमेरिकेतील अशा चाकांवरच्या घरांचा फार मोठा हिस्सा एल्कार्ट शहर आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतो. मौज अशी की तेथे राबणाऱ्या हातांत आमिश पंथाचेही पुष्कळ हात आहेत. स्वतःची मोटार बाळगणे त्या समाजाला मान्य नाही. प्रवासाला घोडागाडी किंवा सायकल. आणि दिवसभर हातून घडतात ती इतरांच्या भटकंतीची घरे!

त्या धर्मग्रामात एक वृद्ध दांपत्य होते. ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर अशाच एका कारखान्यात गाड्यांना दारे बसवण्याचे काम त्यांनी केले. २००८ च्या मंदीत तो कारखाना बंद पडला. २००९ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष ओबामा एल्कार्टला आले तेव्हा तेथे बेकारीचे प्रमाण शेकडा पंधराच्या वर गेले होते. पुढे या दोघांचे घरही गेले. उरली ती १९९४ ची एक जुनी मोटारहोम. उन्हाळ्यात ती इंडियानात उभी असे, थंडी पडण्यापूर्वी टेक्सासच्या दक्षिणेकडे निघे. इंडियानाचा हिवाळा असल्या पातळ भिंतींच्या घरात काढणे म्हातारपणी शक्यच नसते.

त्या वर्षी मात्र जाण्याचे निश्चित होत नव्हते. पत्नीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि तिचा डावा हात निकामी झाला होता. गाडीचे दार खांद्याचा जोर लावल्याशिवाय लागत नसे. रात्री ते गृहस्थ मूठ दोरीने बांधून ठेवीत. एकदा धावत्या गाडीत दार उघडले, आणि त्याच्या शेजारच्या आसनावर ती बसलेली होती. हे मुलीला कळल्यावर तिने सांगितले, गाडी विका आणि दोघे वृद्धाश्रमात राहा. तिचे म्हणणे वावगे नव्हते. गृहस्थांचे उत्तर एवढेच, की दार बसले तर जाऊ, नाही बसले तर नाही. त्यांचे हात कापत असत, म्हणून त्यांना दुसरे हात हवे होते.

“फादर, स्क्रू फिरवता येतो ना?”

“येतो.”

“मग पुरे. विचार मी करीन.”

पहिली वस्तू त्यांनी मागितली ती पाणसळ. गाडीचे मागचे एक चाक मऊ जमिनीत रुतले होते. चाक खचले की सारा सांगाडा पिळवटतो आणि दाराची जागा काटकोनात राहत नाही. चाकाखाली फळ्या सरकवून गाडी समपातळीत आणली, तेव्हा दाराचे घासणे निम्म्याने कमी झाले. “लोक इथेच कुलूप बदलतात,” ते म्हणाले. याही गाडीचे कुलूप एका दुरुस्तीवाल्याने बदलले होते, आणि कुलपाची जीभ जिच्यात अडकते ती चौकटीवरची पट्टी दोनदा सरकवली होती. तिची भोके घासून लांबट झाली होती.

मग दार अर्धे उघडून, कडेला धरून वर उचलायला त्यांनी मला सांगितले. दार हलले. पण काय हलले? त्यांनी माझे बोट बिजागरीवर ठेवले. बिजागरी घट्ट होती. तिच्यासकट चौकटच भिंतीतून हलत होती. चौकटीचा एक स्क्रू मी फिरवला तर तो नुसता फिरतच राहिला. तो ओढून काढल्यावर त्याच्याबरोबर ओल्या तंबाखूसारखा काळपट भुसा बाहेर आला.

या गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर पातळ पत्रा, आत फोम, आणि दाराच्या कडेने दीड-दोन इंचांची लाकडी पट्टी. दाराचे सारे वजन त्या पट्टीवर. ती कुजली होती. आणि पाणी आले होते ते दाराच्या वरून, जेथे कापडी छताची पट्टी भिंतीला जोडली होती. त्या सांध्यातले लुकण वाळून भेगाळले होते. सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटलची कारणमीमांसा पुस्तकातून शिकवली. येथे कुलपापासून चौकट, चौकटीपासून लाकूड, लाकडापासून वरची भेग अशी कारणांची साखळी हाताला लागत होती.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कारखान्यात दार चौकटीसकट तयार येई. कडेला चिकट पट्टी लावायची, भोकात ढकलायचे, स्क्रू मारायचे. काही मिनिटांचे काम. मी बसवलेले एखादे दारही आज कुठेतरी असेच गळत असेल.”

आम्हाला पाच दिवस लागले. प्रथम वरचा सांधा खरवडून नव्याने बंद केला. वरून गळत असताना खाली नवे लाकूड घालण्यात अर्थ नाही. मग आतली पट्टी सोडवून, बाहेरचा चिकटा पातळ पात्याने कापून चौकट बाहेर काढली. कुजका भाग कोरला. दोन दिवस पंखा लावून भिंत वाळवली. नवी पट्टी सरसाने बसवली, आणि ब्युटाइलची चिकट पट्टी लावून चौकट परत आत सरकवली. स्क्रू आवळण्यापूर्वी त्यांनी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. आपला सुतारही नेमके हेच करतो, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना फार आनंद झाला. स्क्रूही एकदम आवळायचे नाहीत. एक इकडचा, एक समोरचा, थोडे थोडे.

तरी दाराचा वरचा कोपरा बाहेर राहिला. इतकी वर्षे खालून ओढ बसून दाराला बाक आला होता. कुलपाच्या उंचीवर दार आणि चौकट यांच्यामध्ये त्यांनी लाकडाचा ठोकळा धरला आणि मला वरचा कोपरा तळहाताने हळूहळू आत दाबायला लावले. दाबायचे, सोडायचे, पाहायचे. घाई केली तर पत्रा सुरकुततो.

नवी रबरी पट्टी लावल्यावर त्यांनी खिशातून एक डॉलरची नोट काढली. ती दारात धरून दार लावायचे आणि नोट ओढून पाहायची. अडली तर रबर तेथे नीट दाबले जाते. चारी बाजूंना ती अडली, फक्त बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात सुळकन निघाली. तेथे जाड रबराचा तुकडा चिकटवला. “टेक्सासपर्यंत चालेल,” ते म्हणाले. कुलपाच्या पट्टीला हात लागला तो सर्वांत शेवटी, आणि तिला फारसे सरकवावेही लागले नाही.

असल्या कुलपाचे दोन आवाज असतात. पहिला अर्ध्या पकडीचा. तेवढ्यावर दार लागल्यासारखे दिसते आणि रस्त्यात दगा देते. दुसरा पुऱ्या पकडीचा. त्यांनी पत्नीला आत पाठवले आणि आम्ही गवतात उभे राहिलो. तिने उजव्या हाताने दार ओढले. एक आवाज आला, क्षणभराने दुसरा.

“आता उघड,” ते बाहेरून म्हणाले, “आणि आणखी नऊ वेळा लावून दाखव.”

आतून तिचे हसणे ऐकू आले. मग तिने ते नऊ वेळा लावले. सातव्या वेळी दोनदा ओढावे लागले.