एकट्या अजिनोमोटोला शिव्या

कोबी मंचुरियन आणि शेजवान राईसची लाल गाडी नाही असा चौक साताऱ्यात किंवा सांगलीत आता शोधावाच लागेल. गर्दी तुफान! आणि शिव्याही तेवढ्याच, त्या सगळ्या एकट्या अजिनोमोटोला.

आमची सांगलीची मावशी मंचुरियन खाल्लं की हमखास म्हणते, "डोकं धरलं बाई, अजिनोमोटो असणार!" इकडे साताऱ्यात बाबांना बीपी निघालं, तेव्हा घरातला पहिला हुकूम हाच: चायनीज बंद.

मंडळी, मुळात हा पदार्थ जपानी. टोकियोच्या प्रा. किकुनाए इकेदांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं, १९०९ साली ते 'अजिनोमोटो' नावाने बाजारात आलं. बदनामी १९६८ची. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. सोया सॉस, वाइन, मीठ, अजिनोमोटो असे सगळे संशयित त्यांनी मांडले होते. लोकांनी धरून ठेवला एकच!

आज हे बनतं कशापासून? बऱ्याचदा उसाच्या मळीपासून, जिवाणूंनी आंबवून. रेठऱ्यापासून सांगलीपर्यंत साखर कारखान्यांच्या वासात वाढलेले आपण, आणि म्हणे परकं रसायन! पिकलेल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही ग्लुटामेट असतंच. अन्नाशिवाय नुसतं तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काहींचं डोकं थोडा वेळ दुखू शकतं, असं अमेरिकेचं अन्न-औषध खातं सांगतं. एका वाढणीत ते सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं. गाडीवाला चिमटीने टाकतो की पळीने, ते देव जाणे.

मला भीती वाटते ती मिठाची. अजिनोमोटोत सोडियम १२ टक्के, मिठात ३९. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे बाबांचं चायनीज बंद झालं ते बरंच झालं, फक्त कारण चुकलं. आणि कारण चुकलं की पुढचं सगळं चुकतं. ताटात लोणचं तसंच, पापड तसाच, वर मावशी सांगलीहून भडंग पाठवते, "यात अजिनोमोटो नाही हो!" म्हणून.

परवा मी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. चायनीज सोडताना हूं की चूं न केलेले बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.