साधी भाषा, पण कोणाला?

ज्याचे नियम थोडे ते साधे, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः नियमांची संख्या आणि शिकणाऱ्याची सोय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या बारामतीस ज्यांचे आयुष्य गेले, त्या मोरोपंतांचेच (१७२९–१७९४) पाहा ना! एक आर्यावृत्त हाती धरून त्यांनी अवघे महाभारत मराठीत आणले. निरोष्ठ रामायणात तर ओठ मिटून उच्चारावयाची प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वर्ज्य केली. संयम कवीचा खरा. परंतु कोश उघडण्याचे श्रम वाचकाचे!

संगणकाच्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांतही हाच व्यवहार चालतो. माहिती आणि तिच्यावरील क्रिया ह्या भाषांत एकाच वस्तूच्या पोटी ठेवतात. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर आलेल्या प्रत्येक उसाच्या गाडीने विचारताच आपले वजन आपणच सांगावे, तसे हे आहे. अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत घडवलेल्या स्मॉलटॉकने हे तत्त्व टोकास नेले. तीत अंकदेखील वस्तू, आणि बेरीज म्हणजे त्या अंकास धाडलेला निरोप. बेरीज-गुणाकारासारखे निरोप डावीकडून उजवीकडे पोचतात; म्हणून ३ + ४ × ५ चे उत्तर शाळेतल्याप्रमाणे २३ न येता ३५ येते. नियम एकच, निरपवाद. पण शिकणाऱ्याची लहानपणापासूनची सवय मोडणारा.

१९९५ साली आलेली जावाही साधी म्हणवली गेली. तथापि पडद्यावर एक ओळ उमटवण्यापूर्वी ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हा मंत्र लिहावा लागे. इंदापूर तालुक्यातून एसटीने येणारी, मराठी माध्यमात शिकलेली मुले तो मंत्र अर्थ न उमगता घोकताना मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांतील काही जण निष्कर्ष काढतात, तो भाषेविषयी नव्हे, स्वतःविषयी: ‘हे आपले काम नव्हे.’ रचनेतील दोष असा मुलाच्या बुद्धीच्या नावे जमा होतो.

२०२५ च्या जावा २५ मध्ये प्रारंभीच्या कार्यक्रमापुरते त्यांतील ‘पब्लिक’ आणि ‘स्टॅटिक’ हे शब्द ऐच्छिक झाले. तीस वर्षे लागली, तरी भाषेने आपले ओझे आपण उचलले, ह्याचा मला आनंद वाटतो. रचनेतील काठिण्य क्वचितच नाहीसे होते. ते रचणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे सरकते, एवढेच. म्हणून भाषेचे नियम मोजण्याआधी, पहिल्या दिवशी तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे शिक्षकाने पाहावे.