खुशाली कळवायची कुणी?

आयसीयूतला ह्यांचा तो फोटो ज्यांनी काढला, त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. प्रेमापोटी काढला म्हणतात. असेल.

झालं ते थोडक्यात सांगते. हे बँकेतून निवृत्त. साखर आहे, बीपीची गोळी लक्षात राहिली तर घेतात. त्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "आज दूधवाल्याचा हिशेब करून टाकू." मी कणीक भिजवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर कप फरशीवर, तोंड वाकडं झालेलं, आणि बोलायला जातात तर घशातून नुसता आवाज. शेजारच्या मुलाने 108 ला फोन लावला. सांगलीहून मिरज जवळ, म्हणून वेळेत पोचलो.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी मला एकच प्रश्न फिरूनफिरून विचारला. "काकू, काका नीट बोलताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?" रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या, तेव्हा हिशेबाचं बोलले. म्हणजे सव्वासात. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. झोपेत झालं असेल, तर झोपायला जाताना माणूस ठीक होता ती वेळ धरतात. ह्यांच्या बाबतीत रक्तस्राव नव्हता, वेळही हातात होती. इंजेक्शन मिळालं.

आता फोटोचं. पोरगा म्युनिकला असतो. तिकडे अजून उजाडायचं होतं. इंजेक्शनचा परिणाम काय ते कळलं की फोन करू, नीट बसवून सांगू, असं मी मनात धरलं होतं. तेवढ्यात आमचे एक चुलत दीर आले. सिस्टरनी दोन मिनिटं आत सोडलं. बाहेर आले, डोळे पुसले, आणि कोपऱ्यात जाऊन घराण्याच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली हात जोडल्याच्या खुणा.

त्या फोटोत ह्यांच्या नाकात नळी आहे. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ आलीय. गाऊनची नाडी सुटलेली. डोळे अर्धे उघडे, त्यामुळे माणूस गेल्यासारखाच दिसतो. हा माणूस दूध घ्यायला खाली जायचं असलं तरी दाढी केल्याशिवाय जात नसे. लग्नाच्या अल्बममधला शर्टाची कॉलर वळलेला एक फोटो त्यांनी मला काढून टाकायला लावला होता! आणि आता कुणाच्या कोण जावयांनी, ज्यांनी ह्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, त्यांनी तो मोठा करून बघितला. पोराने उठल्यावर सगळ्यात आधी तोच पाहिला. फोन केला तेव्हा त्याने विचारलं, "आई, बाबा आहेत ना?" ह्या प्रश्नाचा हिशेब मी कुणाकडे मागायचा?

भाऊजींना बोलले, तर त्यांनी लगेच फोटो काढून टाकला. तोवर तो पुढे गेला होता. दुपारपर्यंत इचलकरंजीत हार्ट अटॅक झाला होता आणि बेळगावात व्हेंटिलेटर लागला होता. माझा फोन थांबेना. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं : चहा, कप, तोंड. मग समोरून रडणं, मग समजूत मी काढायची. आत डॉक्टर बोलावताहेत आणि बाहेर मी कुणाच्या तरी आत्याला धीर देतेय. एकीने सुईने बोटांची टोकं टोचा म्हणून मेसेज पाठवला. दुसऱ्या बाई देवाचं तीर्थ घेऊन आल्या आणि थेट ओठांना लावायला निघाल्या. सिस्टर ओरडल्या म्हणून बरं. गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय घोटभर पाणीही देत नाहीत. ते श्वासनळीत उतरलं तर न्यूमोनिया व्हायचा.

संध्याकाळी कोल्हापूरहून भाची आली. तिने माझा फोन काढूनच घेतला. नवा ग्रुप केला, त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं ठेवलं. तिचा पहिला मेसेज मला पाठ आहे : "काका शुद्धीत आहेत. उजवा हात हलत नाही. बोललेलं कळतं, उत्तर देता येत नाही. पुढचं डॉक्टर उद्या सकाळी सांगतील, तेव्हाच कळवीन. मावशीला फोन करू नये. रात्री थांबायला कोण येऊ शकतं, ते मला कळवा." काळजी करू नका नाही, देवाची कृपा नाही. जेवढं डॉक्टर बोलले तेवढंच. मी लिहिलं असतं तर निम्मं लपवलं असतं आणि निम्म्यात रडले असते. म्हणून माझं म्हणणं आहे, हे काम बायकोचं किंवा नवऱ्याचं नव्हेच. घरातलं थोडं लांबचं, डोकं शांत असलेलं माणूस हवं. त्याने सकाळ-संध्याकाळ कळवावं, बाकीच्यांनी थांबावं. मुलांना आणि भावंडांना मात्र फोनच करावा, मेसेज नव्हे.

हे सगळं मी ठासून सांगते खरी, पण पुढचं ऐका. हे घरी आले. डाव्या हाताने जेवणं, फिजिओ, "पाणी" म्हणताना भलताच शब्द येणं, आणि तो कळला की चिडून ताट लोटणं. खरी लढाई इथून सुरू झाली, आणि फोन बंद पडले. भाचीचा ग्रुपही गप्प झाला, कारण रोज कळवण्यासारखं काही घडतच नव्हतं. पहिल्या आठवड्यात ज्या वन्संचा फोन मी कापला होता, त्यांनी महिनाभर चौकशी केली नाही म्हणून मी धुमसत होते. ह्याला काय म्हणाल? मलाच माझं कळत नाही.

आणि हो, ते फोटोवाले भाऊजी दर रविवारी न चुकता येतात. ह्यांची दाढी करून देतात, शेजारी बसून पेपरातले मथळे वाचायला लावतात. मी चहा देते. फोटोचा विषय आमच्यात निघत नाही. माफी अजून नाहीच.

नातेवाइकांना एवढंच सांगते : आजारी घरी फोन केलात तर "काय झालं?" विचारू नका. डबा आणू का, रात्री थांबू का, ते विचारा. आणि महिन्याभराने पुन्हा विचारा. आणि ज्यांच्या घरात हे घडेल त्यांना : तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, की आधी घड्याळ बघा, माणूस शेवटचा ठीक कधी होता ते लक्षात ठेवा, आणि 108 लावा. गणगोताला दुपारी कळलं तरी चालतं.