नावं पाठ आहेत, पुढचं काय?

“पाळणा लांबवण्यासाठी काय वापरता?” असं विचारलं की माझ्या ओपीडीतल्या बऱ्याच जणी आधी सासूबाईंकडे बघतात. कॉपर-टी, गोळ्या, निरोध ही नावं सगळ्यांना पाठ. अडतं ते पुढे. “कॉपर-टी वर सरकून काळजात जाते म्हणे!” हे मी आजही ऐकते.

कॉपर-टी गर्भाशयात बसते. तिथून काळजाकडे वाट नाही. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, क्वचित ती निसटून पडते, म्हणून तपासणीला यायचं. ‘380 ए’ प्रकारची कॉपर-टी 10 वर्षं चालते आणि काढली की लवकरच दिवस राहू शकतात. ‘छाया’ गोळीत हार्मोन नसतात. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. ‘अंतरा’ इंजेक्शन दर 3 महिन्यांनी. ते थांबवल्यावर मात्र दिवस राहायला काही महिने लागतात. सरकारी दवाखान्यात ही साधनं मोफत मिळतात.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते 1921 साली. शंभर वर्षांनंतरचं चित्र काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली 37.9 टक्के विवाहित जोडपी स्त्रीच्या नसबंदीवर अवलंबून आहेत, पुरुषाच्या नसबंदीवर फक्त 0.3 टक्के. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, बिनटाक्याची. फक्त 3 महिन्यांनी वीर्यतपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी दोघं मिळून या. आणि शेजारणीला विचारलेला प्रश्न डॉक्टरांनाही विचारा.