गर्दीच्या कांठावर

गर्दीचें मला लहानपणापासून वावडें आहे. जत्रा, लग्नाची वरात, एस्. टी. चा थांबा, जेथें अनोळखी माणसाचा खांदा आपल्या खांद्यास लागण्याचा संभव, तेथून चार पावलें मागें राहावें हा माझा नेम. बारामतीस तीस वर्षें इंग्रजीची प्राध्यापकी केल्यावर या भित्रेपणास 'रसिकाची अलिप्तता' असें भारदस्त नांवहि मीं देऊन ठेवलें आहे.

अशा माणसाच्या कपाटांत विलायतेच्या एका रॉक वाद्यवृंदाच्या जलशाची डीव्हीडी असावी, हें ऐकून वाचकांस हंसूं येईल. पण ती माझी फार आवडती तबकडी आहे. 'क्वीन' या चौघांच्या वाद्यवृंदानें लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर ११ व १२ जुलै १९८६ रोजीं दोन जलसे केले. त्यांतील दुसऱ्याचें हें चित्रण. १९९० सालीं तें घरीं पाहण्यासाठीं व्हिडिओ कॅसेटवर निघालें आणि २००३ मध्यें डीव्हीडीवर. तें जुनें क्रीडांगण पाडून आतां तेथें नवें उभें आहे. माझ्या कपाटांतलें मात्र अजून शाबूत आहे. गायक फ्रेडी मर्क्युरी याचें मूळ नांव फारोख बुल्सारा. झांजिबारांत जन्मलेला हा पारशी मुलगा शिकला आपल्या पांचगणीस, आणि तेथील सेंट पीटर्स शाळेंतच १९५८ च्या सुमारास सोबत्यांसह त्यानें पहिला वाद्यवृंद जमवला. पांचगणीच्या धुक्यांत पियानो बडवणारें तें पोर पिवळें जाकीट घालून ७०,००० हून अधिक माणसांपुढें उभें राहतें, या कल्पनेचीच मला मोठी मौज वाटते.

मध्येंच गाणें थांबवून तो नुसता एक स्वर हवेंत फेंकतो. समुदाय तो झेलून परत करतो. तो स्वर वांकवतो, लांबवतो, तोडतो. समोरचे सहस्रावधि गळे त्याच्या मागून तसेंच करूं पाहतात. हें सारें मी आरामखुर्चींत, पंखा लावून पाहतों. धूळ नाहीं, रेटारेटी नाहीं. चहाची तलफ आली तर अख्खें वेम्ब्ली बोटाच्या एका दाबानें थांबतें. याहून सुख तें काय, असें मला वाटे.

परवां पुन्हां ती तबकडी लावली, आणि त्याच ठिकाणीं मला वडील आठवले.

आमचें मूळ घर इंदापुरास. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर अशी मजल करीत बेलवाडीस येते, आणि इंदापूर तालुक्यांतील या गांवीं तिचें पहिलें गोल रिंगण होतें. वडील चाळीसएक वर्षें तें चुकले नाहींत. पंचाहत्तरी उलटल्यावर एकदां ते म्हणाले, "येतोस का बरोबर?"

मीं म्हटलें, "दादा, टीव्हीवर उत्तम दाखवतात. तुम्ही तरी कशाला गर्दींत जातां?"

"घोडा दिसेल रे टीव्हीवर. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला कुठून आणूं?" एवढें बोलून ते एस्. टी. नें एकटेच गेले.

पुढल्या वारीपर्यंत त्यांचे गुडघे थकले. मीं त्यांना बारामतीस आणलें आणि टीव्ही लावून दिला. अश्व धांवूं लागला तसे ते खुर्चींतून वांकले, फरशीला हात लावला आणि तो कपाळास नेला. फरशी त्याच सकाळीं पुसलेली. मातीचा कण नव्हता. मला हंसूं आलें. दिवाळीपूर्वीं ते गेले.

आज कळतें कीं, आम्ही दोघे एकच चित्र पाहत नव्हतों. पडद्यावरच्या त्या रिंगणामागें त्यांची स्वतःची चाळीस वर्षांची धूळ होती. वेम्ब्लीवर त्या रात्रीं उभे राहिलेल्यांनाहि ही तबकडी तशीच दिसत असेल. मला मात्र ती चित्र म्हणूनच दिसते.

घरीं बसून पाहणाराजवळ एक गोष्ट अधिक असते खरी. तेथें गाणाऱ्यांस ठाऊक नव्हतें कीं, महिन्याच्या आंतच, ९ ऑगस्ट १९८६ रोजीं, नेबवर्थ येथें फ्रेडी या वाद्यवृंदासह शेवटचें गाईल, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं जगाचा निरोप घेईल. मला तें ठाऊक आहे, म्हणून तो हंसतो तेव्हां माझा घसा दाटतो. त्यांना ठाऊक नव्हतें, म्हणून ते मोकळेपणानें गायले. मी पाहणारा, ते गाणारे. प्रत्येकाच्या पदरीं कांहीं तरी पडलें. पण वडिलांनीं "येतोस का?" म्हणून विचारलें, तेव्हां ती वारी त्यांची शेवटची हें मला ठाऊक नव्हतें, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून मी उभाहि राहिलों नाहीं. दोन्हींकडून मी रिताच राहिलों.

पुढल्या वारींत पालखी बेलवाडीस येईल त्या दिवसापुरता रजेचा अर्ज मीं लिहून ठेवला आहे. 'कारण' या रकान्यापुढें काय लिहावें, तेवढें अजून सुचलेलें नाहीं.